सहा कळ्यांचा हिरवा परकर

मी एक जुना परकर आहे. खरं तर परकर म्हणावं इतकाही मी आता उरलेलो नाही. तुमच्याशी बोलतो आहे तो फक्त नेफा, म्हणजे कमरेची ती पट्टी, जिच्यातून नाडी ओवतात. माझ्या खाली सहा कळ्या होत्या. वर अरुंद आणि खाली रुंद अशा कापडाच्या तुकड्याला कळी म्हणतात. त्या कळ्या आता वेगवेगळ्या ठिकाणी गेल्या आहेत. त्यामुळे मित्रांनो, माझी गोष्ट सलग नाही. ज्या कळीला जे आठवतं, तेवढं मी सांगेन. जिथे तुकडा हरवला आहे, तिथे गोष्टही फाटलेली असेल.

पहिली कळी.
(सध्या मुरब्याच्या एका घरात लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेली.)

हिला बोईसरच्या शिंप्याचं दुकान आठवतं. साल एकोणीसशे ब्याऐंशी. दुकानात कारखान्यातल्या कामगारांच्या पँटी टांगलेल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध मी, हिरव्या पॉपलिनचा, कापला जात होतो. चंद्रकांता समोर उभी होती. दातिवऱ्याहून तिच्या आईनं हिरवी साडी पाठवली होती. साडीच्या रंगाशी मिळता परकर हवा, म्हणून ती साडीचा पदर पिशवीतून अर्धा बाहेर काढून ताग्यांना लावून बघत होती. तिला नटायची हौस होती. मुरब्यातल्या बायका म्हणत, ही विहिरीवर जातानासुद्धा निऱ्यांना पिन लावते.

मास्टरनं माप घेतलं आणि तिच्या पोटाकडे बघून टेप गळ्यात टाकला.

"भाभी, नाप तो ले लिया. लेकिन दो महीने बाद ये चढ़ेगा नहीं."

"मग ढिला शिवा."

"ढीला सिलेंगे तो आज गिर जाएगा!"

दोघंही हसले. या प्रश्नाला उत्तर त्या दुकानात नव्हतं. मी मापात शिवला गेलो आणि मुरब्याला आलो.

दुसरी कळी.
(एका गोधडीत, खालच्या डाव्या कोपऱ्यात.)

मागच्या वर्षी चंद्रकांताच्या पोटातलं बाळ चौथ्या महिन्यात गेलं होतं. हे त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. फक्त तिची सासू येसूबाई बोलत असे, आणि तेही एकच वाक्य.

मला पिशवीतून बाहेर काढलं तेव्हा तेच वाक्य आलं.

"नाडीनंच गेलं ते पोर. कमरंला दोरी आवळून तू बाजारला मिरवत व्हतीस."

म्हणजे मित्रांनो, मी घरात आलो तोच आरोपी म्हणून. मला अजून नाडी ओवलेलीसुद्धा नव्हती.

 पुढच्या आठवड्यात चंद्रकांता पालघरच्या दवाखान्यात गेली तेव्हा तिनं नर्सबाईंना विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, "नाडीनं बाळ जात नाही. तुझी काही चूक नव्हती. पण आवळून तरी का घ्यायचं? सुती घाल, सैल बांध. ब्लाउजच्या शिवणीत कापड आत राखून ठेव, लागेल तसं उसवता येईल. सपाट चप्पल वापर. आणि हौस असेल तर नट की. पोट आलं म्हणून माणूस जुनं होत नाही."

हे सगळं चंद्रकांतानं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

"त्या नर्सबाईला पोरां किती?" येसूबाईनं विचारलं.

"एक."

"माजी सात."

वाद तिथे संपला. पण येसूबाई अगदीच दगड नव्हती. थोड्या वेळानं मासे उन्हात पालथे करता करता तिनं निकाल दिला. "सातव्या म्हैन्यात डोहाळजेवण करू. ती हिरवी साडी नेस, फोटो काढ. पण एक सांगते. येकदा जरी 'आवळतंय' बोललीस ना, तर समदं बंद. मग बाळंत होईस्तवर माजं जुनं लुगडं आन् घराचा उंबरा."

चंद्रकांतानं मान हलवली. मागच्या वर्षापासून ती कुठल्याच कार्यक्रमाला गेली नव्हती. बायका तिच्याकडे बघून आवाज खाली आणत. एकदा तरी चारचौघींत नीट नटून, ताठ बसावं, आणि बायकांनी आवाज खाली आणू नये, एवढंच तिला हवं होतं. ते सगळं आता माझ्या नेफ्यावर येऊन ठेपलं.

तिसरी आणि चौथी.
(दोघींची मिळून पुढे बऱ्याच वर्षांनी एका बाळाची दुपटी झाली. धुऊन धुऊन इतकी विरली की हिरवा रंग कुठे गेला ते त्यांनाही माहीत नाही.)

श्रावण होता. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या. चंद्रकांताचा नवरा जानू पडवीत बसून जाळी सांधत होता. बायको रोज संध्याकाळी नाडी सोडून कमरेवरचा वळ चोळते, हे त्यानं पाहिलं होतं. एक दिवस त्यानं मला दांडीवरून उचललं.

"अवो, त्याला हात नका लावू. माशांचा वास लागंल."

"थांब गो. तुज्या मास्टरला जमलं नाय ते मला जमतंय."

त्यानं माझा नेफा दोन्ही कुशींना वीतभर कापला. कापलेल्या कडांना दुमड घातली आणि जाळ्याला असतात तसे डोळे ठेवले, सात इकडे, सात तिकडे. त्यांतून जाळ्याचा जुना सुती दोरा ओवला आणि प्रत्येक डोळ्यापाशी गाठ मारली. पोट वाढेल तशी एकेक गाठ सोडायची, म्हणजे परकर आपोआप मोठा. कल्पना चांगली होती. मीच सांगतो म्हणून नव्हे.

आधी त्यानं मला पाण्याच्या हंड्यावर बांधून पाहिलं. हंडा छान दिसत होता. शेजारची कमळी दारातून बघत होती.

"काय रं जानू, हंड्याला कितवा म्हैना?"

पाचवा महिना, सहावा महिना, मी उत्तम काम केलं. दर पंधरवड्याला जानू एक गाठ सोडायचा. चंद्रकांतानं साडीचीही युक्ती शोधली. पोटावर निऱ्यांचा गठ्ठा होऊ नये म्हणून पाचच निऱ्या घ्यायच्या, त्या जरा डावीकडे खोचायच्या आणि उरलेली साडी पदरात लांब सोडायची. पदर पोटावरून असा उतरायचा की बघणाऱ्याला वाटावं, साडी अशीच नेसायची असते. गावातल्या दोघी-तिघींनी तर पोट नसताना तशी नेसून पाहिली.

पण एक चूक झाली होती. ती दुसऱ्या कुणाकडून झाली नसती, मासेमाराकडूनच झाली. जानूच्या हाताला एकच गाठ सवयीची होती, जाळ्याची. जाळ्याची गाठ ओढली की आवळते आणि भिजली की आणखी बसते. तशी नसती तर मासे राहिलेच नसते. घरी गाठी सोडताना दोरा कोरडा असायचा, चंद्रकांता आडवी पडलेली असायची, ओढ नसायची. आणि हंडा तर जेवतही नाही, त्याला घामही येत नाही.

पाचवी कळी.
(जानूच्या होडीत, इंजिन पुसायला. तेलाच्या वासानं हिची बाकीची आठवण पुसली गेली, पण हा दिवस शाबूत आहे.)

ऑक्टोबरातली दुपार. वारा पडलेला. पडवीत वीस-बावीस बायका. पाटावर चंद्रकांता, हिरवी साडी, हिरवा चुडा, केसांत अबोलीचा गजरा. आज कुणीही आवाज खाली आणला नव्हता. उलट सगळ्या एकदम बोलत होत्या.

ओटी भरली. नारळ, तांदूळ, खारका, फळं. ओटीचं सगळं वजन पदरात, आणि पदराची ओढ माझ्यावर. मग भरवणं सुरू झालं. प्रत्येक बाईचा एक घास गोडाचा, एक पापलेटच्या तुकडीचा.

"मावशी, पुरे आता."

"दोघांचं खा गो," कमळी म्हणाली. "एका घासानं काय व्हतंय?"

बावीस बायकांचा एकेक घास. प्रत्येक घासाला मी ताणला जात होतो आणि प्रत्येक ताणाला गाठी घट्ट होत होत्या. घामानं दोरा भिजला. मी परकर आहे, मला ओरडता येत नाही. चंद्रकांताला येत होतं, पण तिलाही ओरडायचं नव्हतं. एक शब्द बोलली असती तरी येसूबाईचं जुनं लुगडं तिच्या नशिबी ठरलेलं होतं. ती हसत राहिली. बायका तिचा गजरा बघत होत्या, पदर बघत होत्या, चेहऱ्यावर तेज आलंय म्हणत होत्या. ते तेज नव्हतं. तिला श्वास पुरत नव्हता.

बोईसरहून आलेला फोटोवाला पुढे झाला. "भाभी, सीधे बैठो. थोड़ा और सीधे."

ती आणखी ताठ बसली.

येसूबाई समोरच्या खांबाला टेकून उभी होती. ती सुनेचा चेहरा बघत नव्हती. ती तिच्या पायांकडे बघत होती. पाटाच्या कडेवर चंद्रकांताच्या पायाची दहाही बोटं आत वळलेली होती.

"थांबा वो फोटोवाले. देवाला नमस्कार करायचा राह्यला तिचा."

"मौसी, अभी रोशनी अच्छी है..."

"मग धरून ठेव तिला. आलोच आमी."

आतल्या खोलीत येसूबाईनं दार लोटलं, निऱ्या बाजूला केल्या आणि मला पाहिलं. नखांनी गाठ सुटेना.

"आये, मी काय बोलले नाय हां," चंद्रकांता दम खात म्हणाली. "आवळतंय असं मी बोललेच नाय."

"मी कुटं ऐकलं? हलू नको."

तिनं मासे कापायची सुरी घेतली, कापडाला धक्का न लावता दोन्ही कुशींचा दोरा कापला. चंद्रकांतानं असा श्वास घेतला की बाहेरच्या बायकांना वाटलं, देवापुढे रडू आलं. तिच्या कमरेवर जाळ्याचे लाल डोळे उमटले होते. येसूबाईनं त्यांवर खोबरेल लावलं. मग दार बोटभर उघडून हाक मारली.

"जान्या! हिकडं ये. भरतीला होडी ताणून बांदतोस का रं?"

"नाय." तो दाराबाहेर उभा.

"का नाय?"

"पाणी चढलं का होडी वर यायला पाह्यजे. ताणून बांदली तर दोरी तिला खाली धरंल. बुडंल ना."

"मग?"



येसूबाईनं फडताळातून आपलं जुनं लुगडं काढलं. तेच, ज्याची धमकी दिली होती. वापरून वापरून ते लोण्यासारखं मऊ झालं होतं. तिनं त्याच्या दोन लांब पट्ट्या फाडल्या, माझ्या डोळ्यांतून ओवल्या आणि टोकाला सुरगाठ मारली. धक्क्यावर होडी बांधतात तशी, एका हिसक्यात सुटणारी. गाठीत चार बोटं घालून पाहिली आणि ती चार बोटं तशीच मोकळी ठेवली.

"ते मागल्या वक्ताचं," ती निऱ्या पुन्हा खोचता खोचता म्हणाली. "नाडीचं. कुणावर तरी दोष घालायचा व्हता मला, नाडीवर घातला."

 चंद्रकांता म्हणाली, "आये, निऱ्या पाचच. डावीकडं."

"दिसतंय मला."

फोटो निघाला.

सहावी.

(ही हरवली. बाळ जन्मलं तो दिवस हिच्याजवळ असावा. त्या दिवशी मी बाहेर दांडीवर वाळत होतो. आत काय झालं ते मला माहीत नाही. एक रडणं ऐकू आलं, ते नवं होतं, एवढंच सांगू शकतो. मुलगी झाली हे मला कमळीच्या बोलण्यातून कळलं. तिनं मला दांडीवरून काढलं आणि विचारलं, "आता ह्यो रिकामाच ना? आमची सून नवसी, तिला सहावा म्हैना लागलाय.")

उरलेला नेफा.

तिथून पुढे मी किती घरांत गेलो, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मुरबे, नवापूर, एकदा दातिवरे. माझी कुणी कधी तारीफ केली नाही. तारीफ साडीची होते. परकर दिसला तर उलट बायका म्हणतात, अगं, खाली बघ, परकर दिसतोय. पण परत येताना मी नेहमी धुतलेला आणि घडी घातलेला असायचो.

मग बोईसरच्या दुकानांत मॅक्स्या टांगल्या गेल्या, कमरेला इलॅस्टिक आलं. ते मला वाईट वाटत नाही. इलॅस्टिकला गाठच नसते, ही मोठी सोय आहे. मी खुंटीवर राहिलो, मग ट्रंकेत, मग कात्रीखाली. कळ्या एकेक करून कामाला गेल्या.

मला मात्र चंद्रकांतानं ठेवलं. तिच्याकडे आता शिलाई मशीन आहे. कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या बायका येतात, डोंगरातून कामाला उतरलेल्या येतात, कुणाचं डोहाळजेवण असतं, कुणाच्या भावाचं लग्न. "ढिला शिवा, पण चांगला दिसला पायजे," असं म्हणतात. मशीनच्या वर खिळ्याला मी टांगलेला आहे, आणि माझ्या शेजारी तो फोटो. त्यात पाच निऱ्यांच्या खाली मी दोन बोटं दिसतो. कुणी मुद्दाम पाहिलं तरच.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दोन जिवांची असेल, तिला नटू द्या. कापड सुती आणा, शिवणीत थोडी जागा राखा, फोटोच्या आधी तिला एकदा विचारा की कुठे आवळत तर नाही ना. ती बहुतेक "नाही" म्हणेल. त्या उत्तरावर थांबू नका. तिच्या पायाच्या बोटांकडे बघा.