हलक्या आवाजाची बंदूक

मी बंदूक बोलतेय. दचकू नका. माझ्या पोटात काडतूस नाही, गेल्या कित्येक वर्षांत पडलेलं नाही. एका पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, जप्त सायकली आणि गावठी दारूचे डबे यांच्या मधे मी उभी आहे. दस्त्याला सुतळीनं चिठ्ठी बांधलीय, तिच्यावरची शाई उडाली आहे.

मी जरा चिडून बोलेन, तेवढं सांभाळून घ्या. मला निवडताना माणसांनी माझी किंमत पाहिली, वजन पाहिलं, आवाज पाहिला. मी कशासाठी आहे, हे मात्र पाहिलं नाही.

माझा जन्म विलायतेतला. मी पॉइंट टू-टू. आपल्याकडे नुसतं ‘टू-टू’ म्हणतात. माझी नळी इतकी बारीक की तिच्यात शाळेतली पेन्सिलसुद्धा जाणार नाही. ससा, तितर किंवा पत्र्याच्या डब्यावरची नेमबाजी, एवढाच माझा घास. त्याहून मोठं मला झेपत नाही, आणि तसं म्हणायला मला लाजही वाटत नाही.

इंग्रज अमदानीत जंगल खात्याचा एक साहेब मला धुळ्याला घेऊन आला. माझ्या नळीच्या तोंडाशी आटे पाडलेले आहेत. त्यांवर आवाज दाबणारं एक नळकांडं बसायचं. ते बसवलं की माझा बार वाळकी काटकी मोडल्यासारखा वाटे. साहेब देश सोडून गेला, तेव्हा मला धुळ्यातल्या बंदुकीच्या दुकानात विकून गेला. नळकांडं त्याच्या पेटीतून गेलं. आटे तेवढे राहिले. उघड्या आट्यांना गंज चढू नये म्हणून दुकानदारानं त्यांवर पितळी टोपी बसवली.

त्या दुकानात मी वर्षानुवर्षं टांगलेली होते. आधी बाप होता, मग मुलगा नासीर दुकान बघू लागला. शेजारच्या बारा बोअरच्या बंदुका येत आणि जात. त्यांची काडतुसं कुठंही मिळत. गिऱ्हाईक मला हातात घेई, “हलकी आहे,” म्हणे, आणि परत ठेवी. मला त्याचं वाईट वाटत नसे. त्यांना जे मारायचं होतं, ते माझं काम नव्हतं.

मग एकोणीसशे अडुसष्टच्या उन्हाळ्यात हस्तीमल शेठ आले.

शेठ फैजपूरचे, घराणं मूळचं मारवाडातलं. गावात भुसाराचं दुकान आणि यावल रस्त्याला केळीची बाग. बागेच्या कडेलाच त्यांनी नवं घर बांधलं होतं. त्या वर्षी सातपुड्यातून रानडुकरांचा कळप उतरला. केळीचे कंद उकरून त्यानं बागेचा अर्धा भाग आडवा केला. शेठनी परवाना काढला, राखणदार तोताराम याचंही नाव त्यावर चढवलं, आणि त्याला बरोबर घेऊन ते धुळ्याला आले.

“नासीरभाई, बंदूक दाखवा,” शेठ म्हणाले. “पण आवाज नको.”

नासीर हसला. “शेठ, बंदूक और आवाज नको? कशाला मारायचं आहे?”

“डुक्कर.”

नासीरनं बारा बोअरची एकनळी काढून काउंटरवर ठेवली. “मग ही घ्या. जवळून गोळीचं काडतूस टाका, एका बारात खाली बसेल.”

“हिचा आवाज?”

“यावलपर्यंत जाईल.”

शेठनी ती बाजूला सारली. त्यांची नजर भिंतीवर फिरली आणि माझ्यावर थांबली. “ती बारकी?”

“ती टू-टू आहे. ती डुकराची नाही, शेठ.”

“आवाज कमी आहे ना?”

“कमी आहे. नळकांडं असतं तर आणखी कमी झाला असता. पण ते नाही, आणि सरकारी परवानगीशिवाय मी ते करूनही देणार नाही.”

“परवानगी मी काढतो,” शेठ म्हणाले. “मुंबईत ओळख आहे.”

त्यांनी भाव विचारला. मी बारा बोअरपेक्षा बरीच स्वस्त होते, काडतुसंही स्वस्त. शेठचा चेहरा उजळला. तोताराम इतका वेळ दाराशी उभा होता. तो पारोळ्याकडचा, बोली अहिराणी. त्यानं मला हातात घेतलं, नळीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “शेठ, हाई तर ससासाठे शे. डुक्करले हाई काय करी?”

“कानामागे नेम धर म्हणजे झालं,” शेठ म्हणाले. “तुला नेम येतो ना?”

तोतारामनं मला काउंटरवर ठेवलं. नासीरनं खांदे उडवले आणि मला कापडात गुंडाळलं. मला तेव्हा तोंड असतं, तर मी ओरडले असते.

आवाज का नको होता, ते मला घरी गेल्यावर कळलं. शेठच्या पत्नी सायरबाई जैन धर्म काटेकोर पाळणाऱ्या. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. भाजी निवडताना अळी दिसली, तर ती पानासकट उचलून बाहेर झाडाखाली नेऊन ठेवायच्या. मला पाहून त्या दारातच थांबल्या.

“ही घरात कशाला?”

“भीती घालायला,” शेठ म्हणाले. “हवेत बार काढायचा. डुकरं पळतात.”

“कुणाला लागणार नाही?”

“नाही म्हटलं ना.”

भीती घालायला मोठा आवाज लागतो. हे सायरबाईंच्या लक्षात आलं नाही, आणि शेठनी येऊ दिलं नाही. त्यांना कळप मारायचा होता आणि तो सायरबाईंना ऐकू न जाता मारायचा होता. त्यांचं बायकोवर प्रेम होतं. तिच्याशी भांडायची हिंमत नव्हती, म्हणून त्यांनी मला आणलं.

नळकांड्याची परवानगी मिळाली नाही. शेठ मुंबईला दोनदा जाऊन आले आणि हात हलवत परतले. तोवर डुकरांनी आणखी केळी पाडली. शेवटी शेठ तोतारामला म्हणाले, “बाई संध्याकाळी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसतात. खिडक्या लावून घेतात. तेवढ्यात काम उरक.”

सांज होती. तोताराम बांधावर दबा धरून बसला. कळप आला, पुढे दांडगा नर. तोतारामनं श्वास रोखला, नेम धरला आणि चाप ओढला. नेम चुकला नाही, हे मी शपथेवर सांगते. पण नरानं ऐन वेळी मान वळवली आणि माझी इवलीशी गोळी त्याच्या खांद्याच्या जाड कातड्यात जाऊन रुतली. नर किंचाळला आणि केळीत घुसला.

“त्याले लागनी, पन तो मरना नही,” तोताराम घरी येऊन शेठना म्हणाला. “सकाय कोनले बागमा जाऊ देऊ नका.”

शेठनी मान हलवली. पण सकाळी ते लवकर दुकानावर गेले आणि तो निरोप त्यांच्या तोंडातच राहिला. तोताराम रात्री स्वतःच्या घरी गेलाच नव्हता; तो आपल्या परीनं बांधावरून रक्ताचा माग काढत होता. बागेच्या दुसऱ्या तोंडानं केळीची पिलं, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, कापायला बायका आत शिरल्या. त्यांत तोतारामचीच बायको होती, मंजुळाबाई.

जखमी जनावर पानांच्या ढिगाआड पडलं होतं. तिचा विळा खसकन वाजला आणि ते उसळलं. सुळा मांडीत गुडघ्यापासून वरपर्यंत फिरला. बायकांच्या किंकाळ्या ऐकून सायरबाई अनवाणी धावत आल्या. आपल्या लुगड्याचा पदर फाडून त्यांनीच जखम करकचून बांधली. मंजुळाबाईला जीपमधून जळगावला नेलं.

डुक्कर मात्र बागेतच पुन्हा कोसळलं होतं. धाप लागलेली, उठता येत नव्हतं. तोतारामनं यावलहून अमीन शिकाऱ्याला आणवलं. अमीन बारा बोअर घेऊन आला, पण घरमालकीण समोर बघून थबकला.

“अक्का, तुम्ही म्हणाल तसं,” तो म्हणाला.

सायरबाई ती धाप ऐकत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “मारा, असं माझ्या तोंडून निघणार नाही. पण त्याचे हाल माझ्यानं बघवत नाहीत. मी तुम्हाला अडवत नाही.” त्या तिथून हलल्या नाहीत, कानांवर हातही ठेवले नाहीत. बार झाला. तो खरोखरच यावलपर्यंत गेला असेल. त्यानंतर धाप थांबली.

दुपारी शेठ परतले. सायरबाई ओसरीवर बसल्या होत्या आणि मी त्यांच्या पायांशी पडले होते. तोतारामनं त्यांना सगळं सांगितलं होतं.

“आवाज कुणासाठी नको होता?” त्यांनी विचारलं. “माझ्यासाठी?”

शेठनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“तुम्ही म्हणाला असतात की मारायचंच आहे, तर मी रडले असते, अन्न सोडलं असतं, आठ दिवस तुमच्याशी बोलले नसते. तेवढंच झालं असतं ना? मला दुखू नये म्हणून हलकी बंदूक आणलीत, आणि ती बाई तिकडे दवाखान्यात टाके घालून पडली आहे.”

“तू ऐकलं नसतंस,” शेठ हळूच म्हणाले.

“सांगून तर बघायचं होतं.”

मंजुळाबाई वाचली, पण पाय कायमचा आखडला. सायरबाई तिच्या उशाशी दवाखान्यात राहिल्या, आणि पुढे त्यांनी तिला घरातल्या कामावर घेतलं. बागेला दगडी कुंपण झालं. तोताराम ते बांधून होईपर्यंत राहिला आणि मग पारोळ्याला निघून गेला. शेठनी थांबवलं, तर तो एवढंच म्हणाला, “शेठ, मी बठ्ठं सांगं होतं.” त्यानं खरंच सगळं आधी सांगितलं होतं. मंजुळाबाई मात्र गेली नाही. आखडलेल्या पायानं पारोळ्याला कोण काम देणार, असं ती म्हणाली. एका चुकीच्या खरेदीनं एक घर दोन गावांत वाटलं गेलं.

शेठनी परवान्याची मुदत संपू दिली आणि मला ठाण्यात जमा केलं. आता शिकारबंदीचा नवा कायदा आला आहे म्हणतात. मधूनमधून कुणी तरी येतो, मला उचलून पाहतो. “हलकी आहे, छान आहे,” म्हणतो. मागच्या महिन्यात पाचोऱ्याचा एक गृहस्थ लिलाव कधी आहे, ते विचारून गेला. कशासाठी हवी, ते त्यानं सांगितलं नाही. हवालदारानंही विचारलं नाही. माझ्या अंगावर शहारा येत असता, तर तेव्हा आला असता.

बाबांनो, तुम्ही याल तर माझी किंमत नंतर विचारा, आवाजाचं तर विचारूच नका. आधी काय मारायचं आहे ते घरच्यांसमोर, मोठ्यानं, स्वतःच्या तोंडानं सांगून या. सांगताना जीभ अडली, तर आल्या पावली परत जा. मी इथंच बरी आहे.