चाळीस घरांतले पुस्तक

मित्रांनो, मी एक जुने झेरॉक्स यंत्र आहे आणि कागद गिळण्याबद्दल माझी ख्याती आहे. माझा कारखाना मला आठवत नाही. आठवते ते नारिनच्या डोंगरांतले तालुक्याचे वाचनालय आणि मला रोज पुसणाऱ्या ग्रंथपाल सोनुनबू एजे; इथे ताईला एजे म्हणतात.

तिथे बाळंतपणावरचे एकच चांगले पुस्तक होते. परदेशी, चारशे पानी. किंमत सुईण जियदेगुलच्या दोन पगारांएवढी. तिचे गाव खिंडीपलीकडे, तिथे डॉक्टर नाही. तिला सगळ्या पुस्तकाची प्रत हवी होती. पण राजधानीतून फर्मान आले होते: एका माणसाला दहाच पाने, तीही स्वतःच्या वापरासाठी. दुसऱ्याला दिलीत तर गुन्हा. लेखकाचा हक्क जपायला हवा ना. लेखक वारून वीस वर्षे झाली होती.

जियदेगुलने अशार बोलावला. इथे कुणाचे घर बांधायचे असले की गाव मिळून भिंती उभारते, तो अशार. चाळीस माणसे ट्रकमधून उतरली. प्रत्येकाने दहा पाने घेऊन ‘स्वतःच्या वापरासाठी’ अशी सही ठोकली. सत्तरीचे मेंढपाळ अब्दिलदा पुढे आले.

“आजोबा, तुम्हाला बाळंतपणाचं काय करायचंय?” एजेंनी विचारले.

“अजून आशा सोडलेली नाही.”

त्यांचे दोनशे तेरावे पान मी गिळले. एजेंनी मला दोन शिव्या घालून दुसरे काढून दिले.

गावाचे चुकले ते एवढेच, की सही केली म्हणून त्यांनी ती पाळली. सात पिढ्यांच्या नावाला बट्टा नको, म्हणून पाने कुणी हातची सोडेना. जियदेगुल घरोघर जाऊन, चहा पिऊन पुस्तक वाचू लागली. राजधानीला संशय आला आणि मूळ पुस्तक तपासणीसाठी गेले.

जूनमध्ये एका दुपारी फोन वाजला. पलीकडून जियदेगुल बोलत होती. अब्दिलदांची नातसून बाळंत झाली होती, वार निम्मी आत राहिली होती, रक्त थांबत नव्हते. असे तिने कधी हाताळले नव्हते. आणि अब्दिलदा पाने बुटात घालून मेंढ्यांमागे वरच्या कुरणावर गेले होते.

“एजे, दोनशे तेरा. मला फक्त दोनशे तेरा हवंय.”

एजे रिकाम्या कपाटाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. झाकण उघडले, कोपरापर्यंत हात घातला. माझा एक दात मोडला, मोडू दे. चुरगळलेले, काळे पान निघाले. खालच्या तीन ओळी शाईत बुडाल्या होत्या. उरलेल्या त्यांनी फोनवर वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग जियदेगुल फोन तसाच बाजूला ठेवून कामाला लागली. मित्रांनो, यंत्राला घाम येत नाही म्हणतात.

“थांबलं,” जियदेगुल म्हणाली.

माझ्या आयुष्यातले एकुलते कौतुक मला कागद गिळल्याबद्दल मिळाले. आता दुरुस्तीवाला आला की एजे त्याला चहा पाजून परत पाठवतात. पण फोन वाजला की मी अजून दचकते. पुस्तक परत आलेले नाही आणि माझे पोट आता रिकामे आहे.

मित्रांनो, यंत्रे जरूर पुसत जा. पण त्याआधी ते कपाट भरा.