चहाच्या खिडकीजवळचा बाक

मी बाक बोलतोय. किलमोरन टाऊनच्या फुटबॉल मैदानावर, चहाच्या खिडकीला लागून मांडलेला ओकचा लांबलचक बाक. मला कुणी बोलायला सांगितलेलं नाही, पण आता गप्प राहवत नाही. गेले तीन महिने माझ्यावर जे चाललंय ते बघून, लाकडाचा असूनही माझा जीव तुटतो.

मला घडवलं ते चर्चसाठी. सत्तर वर्षं लोक माझ्यावर बसून देवाकडे काय काय मागत होते. गवत वाळेपर्यंत पाऊस नको, पोराला नोकरी लागू दे, सासूची कंबर बरी होऊ दे. मग गावाच्या वरच्या अंगाचं ते छोटं चर्च बंद पडलं आणि क्लबच्या चार माणसांनी मला ट्रॅक्टरवर घालून इथे आणलं. कुठे येऊन पडलो, असं आधी वाटलं. पहिल्याच सामन्यात कळलं, फारसा फरक नाही. इथेही लोक डोळे मिटून हात जोडतात, फक्त मधूनमधून शिव्या देतात.

माझ्या उजव्या टोकाला फर्गल टॅन्सी बसतो. निवृत्त पोस्टमन. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी कॅनडात. घरी त्याच्याशी बोलायला रेडिओ सोडून कुणी नाही, म्हणून आठवड्याचं सगळं बोलणं तो माझ्यावर येऊन करतो. त्याच्या शेजारी मॅटी लाली, नळदुरुस्तीवाला. आणि खिडकीच्या आत मॅटीची बहीण ब्रीडा. ती चहा देते आणि दोघांना ताळ्यावर ठेवते.

या गावाची एक रीत तुम्हाला सांगायलाच हवी. इथे माणूस जितका आपला, तितकी त्याची जास्त खेचायची. गोड बोलायचं ते परक्याशी, नाहीतर ज्याला वाटेला लावायचं त्याच्याशी. फर्गलच्या बायकोच्या मयताला सगळे कोपऱ्यात उभे होते. मॅटी त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "हा टाय कुठल्या गाढवाच्या गळ्यातून सोडून आणलास रे?" फर्गल हसला, आणि मगच त्याला रडू फुटलं. हे मी त्या दोघांच्याच तोंडून ऐकलंय.

गेल्या नोव्हेंबरात आमचा संघ एकोणीस वर्षांनी वरच्या विभागात चढला. पंधरा दिवस गाव जमिनीवर नव्हतं. मग जानेवारी आला, नवे खेळाडू आले, आणि माझ्यावर रोज वाद पेटू लागले.

"छत्तीस वर्षांचा स्ट्रायकर आणलाय," मॅटी म्हणाला. "त्याचा गुडघा माझ्या व्हॅनपेक्षा जास्त वाजतो."

"अनुभव आहे लेका त्याला," फर्गल म्हणाला.

"आहे ना. दवाखान्याचा."

"आणि बचावाला तो गेलिक फुटबॉलवाला!" मॅटी थांबेना. " त्यांच्यात चेंडू हातात धरलेला चालतो. परवा सरावात दोनदा झेल घेतला त्यानं."

"मग त्यालाच गोलकीपर करा की!" ब्रीडा आतून ओरडली.

तिथेच तर घोडं अडलं होतं. कारण गोलकीपरच नव्हता. आमचा होता तो डिसेंबरात सामान बांधून ऑस्ट्रेलियाला गेला होता. वरच्या विभागात गोलकीपरशिवाय उतरणं म्हणजे दार उघडं टाकून जत्रेला जाण्यासारखं. अध्यक्षांनी सांगूनच टाकलं होतं, या वर्षी खाली घसरलो तर पुढच्या वर्षी मैदानाला कुलूप. मॅटीला बायकामुलं होती, ब्रीडाला नातवंडं होती. फर्गलला हे मैदान होतं.

आणि मग आदेनिल्सन आला. ब्राझीलचा, गावच्या मांसाच्या कारखान्यात कामाला, उंच, अबोल. सराव सामन्याच्या कागदावर त्याचं नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'चाचणी खेळाडू' लिहिलेलं. दहाव्या मिनिटाला एक साधा चेंडू त्याच्या पायांमधून आत गेला.

"अरे ए चाळणी!" फर्गल माझ्यावर उभा राहून गरजला. "पाय जुळव! मेंढ्यांचा कळप जाईल त्यातून!"

मग मात्र आदेनिल्सन पेटला. एक पेनल्टी अडवली, एक चेंडू तर वाऱ्यात वळत आलेला बोटांच्या टोकांनी बाहेर घालवला. फर्गलच्या डोळ्यांत पाणी आलं, मी पाहिलं ते. आणि तो ओरडला काय, तर "चुकून लागला! डोळे मिटले होते त्याचे!"

सगळं मैदान हसलं. तीन सामने हेच चाललं. चाळणी हे त्याचं नावच पडलं. एवढं प्रेम या गावानं आपल्या फादरवरही केलं नसेल. पण त्या पोराला ते कळावं कसं?

एका गुरुवारी सरावानंतर तो माझ्यावर बसून बूट सोडत होता. "ब्रीडाबाई," तो अडखळत म्हणाला, "हा म्हातारा माझा राग का करतो? मी काय वाईट केलं?"

ब्रीडा चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि त्याच्याजवळ बसली. "राग? अरे वेड्या, फर्गल तुझ्यावर जीव टाकतो! आमच्याकडे असंच असतं. शिव्या देतात तोवर तू आमचा. ज्या दिवशी हे लोक तुझ्याशी गोड बोलतील ना, त्या दिवशी समज, तुझं इथलं दाणापाणी संपलं."

त्यानं हातातला बूट खाली ठेवला. मग पहिल्यांदा हसला. "चाळणी," तो स्वतःशीच म्हणाला. मलासुद्धा हायसं वाटलं. आता सगळं नीट होईल, असं मी धरून चाललो होतो.

पण शनिवारी सकाळी प्रशिक्षकानं फर्गलला गाठलं. दोघांनाही गुरुवारचं काही ठाऊक नव्हतं. "फर्गल, नदीपलीकडचा क्लब त्या पोराच्या मागे लागलाय. आज दुपारी तो ठरवणार. तुझ्या जिभेमुळे तो जाणार बघ. आयुष्यात एकदा तरी माणसासारखं बोल त्याच्याशी."

फर्गलचा चेहरा उतरला. तो माझ्यावर येऊन एकटाच बसला आणि ओठांतल्या ओठांत घोकू लागला. "आपण उत्तम खेळता... नाही, आपला खेळ फार उत्तम..." सदुसष्ट वर्षांच्या त्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला असं काही म्हटलं नव्हतं. बायकोलाही नाही.  मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, नको रे बाबा, तू आहेस तसाच बोल! पण बाकाला तोंड कुठलं.

सामना संपल्यावर आदेनिल्सन हसतच आला. आज काय ऐकायला मिळतंय, म्हणून उत्सुक दिसत होता. फर्गल उठला. त्यानं टोपी काढली. हात पुढे केला.

"मिस्टर आदेनिल्सन," तो म्हणाला, "आपला खेळ फार सुंदर आहे. आपल्यासारखा गोलकीपर मी पाहिलेला नाही. आपले मनापासून आभार मानतो."

त्या पोराच्या तोंडावरचं हसू विझत गेलं. त्यानं फर्गलकडे पाहिलं, खाली धरलेल्या टोपीकडे पाहिलं. "थँक यू, सर," तो हळूच म्हणाला. हात मिळवला, पिशवी उचलली आणि गेला. फर्गल मात्र छाती फुगवून बसला. मोठं काम केलं होतं ना त्यानं!

तासाभरात बातमी आली. सही झाली, नदीपलीकडे. ब्रीडा खिडकी सोडून धावत बाहेर आली.

"तू त्याला काय बोललास?"

"चांगलं बोललो ग. देवाशपथ, चांगलंच बोललो."

"मेल्या, किती चांगलं?"

फर्गलनं शब्दन् शब्द सांगितला. ब्रीडा मटकन माझ्यावर बसली आणि पदर नाही म्हणून ॲप्रनमध्ये तोंड लपवलं. मग तिनं गुरुवारचं सांगितलं.  फर्गलनं माझी कड इतकी घट्ट धरली होती की मला वाटलं, एक तर ती तुटेल नाहीतर तो.

पुढचं काय सांगू. चौदा सामने झाले, एक गुण. गोलात उभा राहतो तो पोस्टातला कारकून, वय एक्केचाळीस. चेंडू आला की आधी क्रॉसची खूण करतो. एका शुक्रवारी सात गोल खाल्ले. आदेनिल्सनचं नाव पेपरात येतं तेव्हा फर्गलला दिसू नये म्हणून मॅटी तेवढं पान दुमडून खिशात घालतो. सगळ्यांना ठाऊक आहे, खाली जाणार आणि कुलूप लागणार. तेही मी सोसलं असतं. एकदा चर्च बंद होताना पाहिलेला बाक आहे मी.

सोसत नाही ते वेगळंच आहे. फर्गल अजून येतो, आपल्या टोकाला बसतो. मॅटी सरकून जागा करतो आणि म्हणतो, "या, बसा, टॅन्सीसाहेब." मागचे लोक म्हणतात, "बरे आहात ना?" आणि ब्रीडा, तीस वर्षं त्याला मेल्या म्हणणारी ब्रीडा, खिडकीतून कप पुढे करत विचारते, "आपल्याला साखर किती घालू?" तो मान खाली घालून म्हणतो, "एकच. आभारी आहे." मग नव्वद मिनिटं माझ्या त्या टोकावरून एक शब्द ऐकू येत नाही.

वाचणाऱ्यांनो, मला रंग नको, रंधा नको. उद्या जाळलंत तरी तक्रार नाही. पण त्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी किलमोरनला या. त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसा आणि त्याला एक सणसणीत शिवी द्या हो.