भिवाजी ढोक्यांचं विमान

तुम्ही विश्वास ठेवणार नाहीच, पण इंग्रजांच्या मोठ्या बॉम्बर विमानांच्या दप्तरातला ऐंशी वर्षांचा घोळ मी सौंसरला घरी बसून सोडवला.

हे मी सांगत होतो सावरगावच्या शाळेपाशी. गावातून महायुद्धावर गेलेल्यांची नावं भिंतीवर रंगवणं चाललं होतं. भूपेंद्र पेंटर शिडीवर, खाली सुचिता मॅडम.

"मोरेश्वरकाका, तुमच्या बाबांचं नाव कागद असेल तरच हं."

"हाय नं कागद!" मी घडी घातलेला कागद हलवला. "लिही रे भूपेंद्र, भिवाजी ढोके."

त्यानं 'भि' काढला.

बाबा बंगालमधल्या विमानतळावर इंजिनं दुरुस्त करायचे. येताना त्यांनी विमानाच्या पत्र्याचा तुकडा आणला. आमचा माठ अजून त्यानंच झाकतात. त्यावर नंबर होता. नातीनं, अमृतानं, कॉम्प्युटरवर स्क्वाड्रनच्या रोजवह्या काढून दिल्या. पाहतो तर तेच विमान एका स्क्वाड्रनच्या वहीत समुद्रात बुडालेलं आणि त्याच दिवशी दुसऱ्या स्क्वाड्रनच्या वहीत रंगूनवर बॉम्ब टाकून परतलेलं!

"मंग?" भूपेंद्रचा ब्रश 'वा'वर थांबला.

"हात चालू ठेव. पस्तीस वर्सं तहसीलीत जमिनीचे खसरे सांभाळले बाप्पा! एक वावर दोघांच्या नावावर निंगालं, त पेरलं कोनं ते पाह्यचं. मी दुरुस्तीची वही काढली. त्या दिवसानंतरबी इंजिन दुसऱ्या स्क्वाड्रननं खोललं होतं. म्हंजे विमान त्यायच्या ताब्यात. पह्यल्यायचं बुडालं ते दुसरंच. कारकुनानं नंबर चुकवला!"

इथवर अक्षरन् अक्षर खरं.

"पण त्या वह्यांत उडणाऱ्यांचीच नावं असतात ना?" मॅडम म्हणाल्या. "स्क्रू आवळणाऱ्यांची कोण लिहितं?"

"त्या दिवशी लिवलं नं! टाकी गळून राहिली होती. बाबानं बाभळीचा डिंक उकळला, भोक बुजवलं. विमान रंगूनहून सुखरूप वापस! गोऱ्या साहेबानं टोपी काढली अन् सोताच्या हातानं वहीत नाव लिवलं. हे त्याच वहीचं पान!"

ब्रश अजून आडनावावर होता, म्हणून मी डिंक आणखी थोडा उकळू दिला.

अखेर भूपेंद्रनं वरची रेघ ओढली आणि तो खाली उतरला. भिंतीवर बाबा झळकत होते. मग मी कागद मॅडमच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावला, अंगठा फिरवला. अंगठा निळा झाला.

"काका! गोऱ्या साहेबाच्या वहीत हे तुमचं अक्षर कसं? आणि शाई अजून ओलीच आहे!"