दारावर लाल स्टिकर

हॅलोमावशी तपासणीत ठणठणीत निघाली आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

नवं वर्ष लागलं तसं त्या चार मजली इमारतीला तब्येतीचं वेड लागलं. तसं ते दर वर्षीच लागायचं, पण आपापल्या घरात लागायचं आणि आठवडाभरात उतरायचं. यंदा मात्र सेक्रेटरींनी मनावर घेतलं. सेक्रेटरी म्हणजे पोट पुढे आणि ते स्वतः मागे अशा चालीचे गृहस्थ. त्यांनी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सभा बोलावली, "यंदा एकट्यानं नाही, सगळ्यांनी मिळून निरोगी व्हायचं!" असं गरजले आणि धापा टाकत खुर्चीत बसले.

योजना झकास होती. दवाखान्यातली नर्स येऊन सगळ्यांचं ब्लडप्रेशर मोजणार. ज्याचं ठीक, त्याला हिरवा स्टिकर. ज्याचं वाढलेलं, त्याला लाल. लाल स्टिकर घराच्या दारावर लावायचा, मग त्या घराला इमारतीतलाच एखादा तरुण सोबती मिळणार. सोबत्यानं सकाळी बेल वाजवायची, माणसाला घराबाहेर काढायचं आणि बागेला चक्कर मारून आणायचं.

"म्हणजे रोज बेल वाजवणार?" मागच्या खुर्चीवरून हॅलोमावशीनं विचारलं.

"रोज! सुट्टी नाही, सबब नाही!"

हॅलोमावशी चौथ्या मजल्यावर एकटी राहायची. तिचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंजाळ, याचा फोन त्याला जोडून दे, त्याचा याला. रडणारे, भांडणारे, लग्नं जुळवणारे, सगळे तिच्या हातून गेले, पण तिच्या वाट्याला प्रत्येकाशी बोलायला दोनच वाक्यं आली. एक "हॅलो, बोला" आणि दुसरं "जोडून देते". जोडून दिलं की आपण बाजूला व्हायचं, ऐकायचं नाही, हा तिथला नियम. तो तिच्या अंगात असा काही मुरला होता की आता घरचं दार उघडतानासुद्धा ती "हॅलो, बोला" म्हणायची. नाव त्यावरूनच पडलं. आणि कुणी चुकूनमाकून गप्पा मारायला आलंच, तर त्याला दुसऱ्याकडे पाठवून ही मोकळी! गुडघा दुखतो? मग दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना भेटा, त्यांचाही दुखतो. झालं, त्या दोघींचं गूळपीठ जमायचं आणि मावशी वर एकटीच.

लांबच्या शहरातला भाचा फोन करायचा. "बरी आहेस ना?" असं विचारायचा. ती "बरी आहे" म्हणाली की फोन संपला. बरं असण्यात हाच तोटा होता, पुढे बोलायला काही उरायचंच नाही.

तपासणीच्या दिवशी नर्सनं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुसफुस हवा भरली आणि हसली. "मावशी, तुम्ही तर घोड्यासारख्या आहात!" टाळ्या पडल्या. हिरवा स्टिकर मिळाला. मावशीही हसली. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवसापासून सकाळ झाली की बेला सुरू. आधी पहिल्या मजल्यावरची, मग दुसऱ्यावरची, मग तिसऱ्यावर स्वेटरआजोबांची. (भर उन्हाळ्यातही स्वेटर घालायचे म्हणून स्वेटरआजोबा.) बेला अशा एकेक मजला चढत वर यायच्या आणि तिसऱ्यावर थांबायच्या. मावशी दाराच्या आतल्या बाजूला हातात चहाचा कप घेऊन उभी. मग खिडकीशी जायची. खाली जोड्या चाललेल्या दिसायच्या, हातवारे करत, मध्येच थांबून हसत. कप गार व्हायचा.

फेरतपासणी लागली तेव्हा मावशीनं जे केलं ते शहाण्या बाईनं करू नये. आदल्या दिवशीपासून तिनं खाऱ्या दाण्यांची पुडकीच्या पुडकी फस्त केली आणि नर्सकडे जायच्या आधी जिना खालपासून वरपर्यंत आणि वरून खालपर्यंत पळत मोजला. पट्टा सुटला तेव्हा नर्सच्या कपाळावर आठी होती. "मावशी, हे काय करून बसलात?"

लाल! मावशीनं तो स्टिकर दारावर अगदी सरळ लावला आणि कडा पदरानं घासून पक्क्या केल्या.

सोबती म्हणून तिला मिळाली तळमजल्यावरची ड्रायव्हरताई. ही शहरातली बस चालवायची, दुपारी निघायची आणि शेवटची फेरी संपवून उशिरा परतायची. आवाज असा की बसला हॉर्नची गरज नव्हती.

पहिल्या सकाळी बेल वाजली. मावशीनं दार उघडलं. "हॅलो, बोला."

"बोला काय बोला? बूट घाला!"

आणि चपला पाहून ती कडाडलीच. "बूट नाहीत? चला, आज चपलाच. उद्या बूट हवेत. आणि आधी स्वयंपाकघर दाखवा." तिनं मिठाची बरणी उचलून पिशवीत टाकली. मग कपाट उघडलं. "हे काय? एवढे खारे दाणे?"

"ते... कबुतरांसाठी."

"कबुतरांचं पण प्रेशर वाढवाल मावशी!"

बागेत चालताना मात्र ताईचा आवाज खाली आला. "माझ्या आईचं असंच झालं. प्रेशर होतं, कुणाला सांगितलं नाही. एक दिवस ओट्याशीच पडली. मी तेव्हा बसवर होते." मग एकदम, "तुमचं नाही होऊ देणार मी तसं. सांगा, तुमचं काय?"

मावशीच्या तोंडात सवयीचं वाक्य आलं होतं, पण जोडून द्यायला बागेत तिसरं कुणी नव्हतं. मग ती बोलली. एक्स्चेंजमधल्या थंडगार हॉलबद्दल, वायरींच्या वासाबद्दल, कुणा अनोळखी बाईला मुलगा झाल्याची बातमी आपल्या कानांवरून गेली आणि आपण दिवसभर खूश होतो त्याबद्दल. ताई ऐकत होती. मध्येच "मग?" म्हणत होती. "मग?" हा केवढासा शब्द! मावशी त्यावर दुसऱ्या सकाळपर्यंत जगायची.

दाणे तिनं त्याच दिवशी टाकून दिले. पुन्हा खाल्ले नाहीत. पण खरं सांगितलंही नाही. खरं सांगितलं की बेल बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि एक दिवस बाकावर टेकल्या असताना "मग?" आलं नाही. मावशीनं वळून पाहिलं. ताई बसल्या बसल्या झोपली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, मान छातीवर. रात्री उशिरापर्यंत बस चालवून दमलेली बाई आपल्या खोट्या आजारासाठी पहाटे उठून येते, हे मावशीला तेव्हा दिसलं. तिनं तिला उठवलं नाही. घरी गेल्यावर तिला जेवण गेलं नाही.

पुन्हा तपासणी झाली. मावशीचं प्रेशर अर्थातच झकास! सेक्रेटरींना तर आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी सगळ्यांसमोर मावशीच्या हातात माईक दिला. "सांगा मावशी, कशा बऱ्या झालात? लोकांना स्फूर्ती मिळू दे."

ड्रायव्हरताई पहिल्या रांगेत बसली होती. शेजारणीला कोपरानं ढोसून सांगत होती, "मिठाची बरणी मीच उचलली!"

माईकपुढे मावशीला आयुष्यात पहिल्यांदा आपलाच आवाज मोठ्यानं ऐकू आला.

"मला काही झालंच नव्हतं," ती म्हणाली. "मी खारे दाणे खाल्ले आणि जिन्यात पळाले. माझी बेल कुणी वाजवत नव्हतं म्हणून."

सेक्रेटरींनी माईक हळूच काढून घेतला, गरम भांडं उचलतात तसा.

ताईनं तिला दाराशी गाठलं. "रोज आई डोळ्यांसमोर यायची माझ्या. रोज! आणि तुम्ही दाणे खात होतात?"

"तू यायला लागल्यावर नाही खाल्ले गं."

"उपकारच केलेत!" आणि ती निघून गेली. तिच्या घराचं दार एवढ्या जोरात लागलं की वरपर्यंत ऐकू गेलं असेल.

मावशी कठडा धरून जिना चढायला लागली. तिसऱ्या मजल्यावर स्वेटरआजोबा घुटमळत होते. "बाई," ते कुजबुजले, "मी काळी कॉफी प्यायलो होतो. लोटाभर."

"काय?"

"तपासणीआधी. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मुद्दाम सुनेशी भांडून आल्या होत्या. सून बोलतच नाही म्हणे त्यांच्याशी, भांडली तरच बोलते."

दोघंही हसले. आजोबांना अजून काहीतरी म्हणायचं होतं, ते स्वेटरचं बटण फिरवत उभे होते. आणि मावशीच्या तोंडून गेलं, "मग तुम्ही वहिनींनाच घेऊन फिरायला जात जा की!"

आजोबांचा चेहरा उजळला. "खरंच की!" म्हणत ते जिना उतरूनही गेले. मावशी आपल्या दारासमोर आली तेव्हा तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पुन्हा जोडून दिलं! पुन्हा आपण बाहेर!

दुसऱ्या सकाळी बेला वाजत वर आल्या आणि तिसऱ्यावर थांबल्या.

मावशी बूट घालून खुर्चीत बसली होती. बराच वेळ बसली. मग उठली आणि जिना उतरून ताईच्या दाराशी गेली. बेलवर बोट ठेवलं, पण दाबली नाही. आत माणूस झोपलेलं असणार. ती तिथेच पायरीवर बसली. पेपरवाला आला, गेला. ऊन पायऱ्यांवर चढलं. येणारे-जाणारे तिच्याकडे बघत बाजूनं जात.

शेवटी दार उघडलं. ताई, केस विस्कटलेले, हातात कचऱ्याची पिशवी. "मावशी! काय झालं? चक्कर आली?"

"नाही. मला काही झालेलं नाही."

"मग?"

"मला तुझ्याशी बोलायचंय. म्हणून आले. दुसरं काही काम नाही."

ताईनं विस्कटलेले केस मागे सारले. "मी चिडलेय अजून."

"हो."

"खूप."

"हो गं."

ताईनं पिशवी दाराबाहेर ठेवली. "दात घासायचेत मला," ती म्हणाली आणि आत गेली. दार तिनं लावलं नाही.

आत जायचं की थांबायचं, मावशीला कळेना. ती पायरीवरच बसून राहिली. आत नळ सुटल्याचा आवाज येत होता.