पहिलं पाणी मित्सुयोचं

मित्रांनो, तोफू करणाऱ्यांच्या अंगणात उभा असलेला मी एक जुना हापसा आहे. हिरोशिमा शहराच्या पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी माझं घर. माझं अंग बिडाचं आहे आणि पोटात कातड्याचा वायसर आहे. तो वाळला की मी उतरतो, म्हणजे माझ्या पोटातलं पाणी खाली निघून जातं. मग कितीही दांडा मारा, मी नुसता कुरकुरतो. वरून ओगराळंभर पाणी ओतलंत तर मात्र खालचं गार पाणी भळाभळा आणून देतो. आहे माझा स्वभाव असा, त्याला कोण काय करणार!

तोफूच्या धंद्यात पाणीच पाणी लागतं. सोयाबीन भिजवायला पाणी, दळायला पाणी, तयार वड्या बुडवून ठेवायलाही पाणी. मालकीणबाई तोमिए उजाडायच्या आत माझा दांडा धरायच्या. त्यांच्या पाठोपाठ डोळे चोळत यायची त्यांची मुलगी मित्सुयो. आली की ओंजळ थेट माझ्या तोटीखाली.

"पहिलं पाणी माझं!"

"अगं भवाने, पहिलं पाणी देव्हाऱ्यातल्या आजोबांचं असतं!"

"आजोबा कुठे पळून चाललेत? मला शाळेला उशीर होतोय."

तोमिएबाई रागवायच्या आणि लगेच हसायच्याही. घरातल्या गेलेल्या माणसांनाही देव्हाऱ्यात पाणी ठेवायची आमच्याकडे पद्धत, पण आजोबांना रोज दुसरं पाणी मिळायचं. त्यांनी कधी तक्रार केली नाही.

पुढे युद्ध सुरू झालं. मालक सैन्यात गेले आणि परत आलेच नाहीत. सोयाबीन मिळेनासं झालं, तसं दुकानही बंद पडलं. मित्सुयोच्या शाळेतल्या मुलींना शहरात घरं पाडायच्या कामाला लावलं. आग लागली तर पसरू नये म्हणून गावातली धडधाकट घरं पाडायची! मला त्यातलं काही कळत नव्हतं. ऑगस्टमधल्या त्या सकाळीही ती ओंजळभर पाणी प्यायली, उरलेलं आईच्या तोंडावर उडवलं आणि "संध्याकाळचंही पहिलं माझं हं!" असं ओरडत पळाली.

थोड्या वेळानं आभाळात असा उजेड झाला की माझी सावली भिंतीवर उमटली. मग जमीन हादरली, कौलं उडाली, घर एका बाजूला कललं. एका विमानातून एकच बॉम्ब पडला होता. आम्हाला तेव्हा हे माहीत नव्हतं. आम्हाला दिसली ती शहराकडून रस्त्यानं वर येणारी माणसं. त्यांचे कपडे जळले होते आणि कपड्यांखालची कातडीही. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता: पाणी.

तोमिएबाईंनी मला हापसायला सुरुवात केली. एका बाईला त्यांनी ओगराळ्यानं पाणी पाजलं. ती घटाघटा प्यायली, तशा अवस्थेतही वाकून तिनं आभार मानले, आणि माझ्या पायाशी आडवी झाली ती उठलीच नाही. तेवढ्यात आळीचे प्रमुख नाकाओका धावत आले.

"वहिनी, थांबा! काय करताय हे? भाजलेल्याला पाणी द्यायचं नसतं. प्यायलं की माणूस जातं!"

"अहो, पण ती मागत होती..."

"मागणारच! आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत गेली ना ती?"

तोमिएबाईंच्या हातातलं ओगराळं गळून पडलं. नाकाओका मनानं वाईट नव्हते. त्या दिवशी गावात जो तो हेच सांगत होता.

दुपार कलताना मित्सुयो आली. चेहऱ्यावरून आईलाही ओळखता आली नाही, आवाजावरून ओळखली. धडपडत सरळ माझ्याकडेच आली आणि तिनं ओंजळ पुढे केली. बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती.

"आई, पाणी."

"नाही गं राणी. थोडा दम धर."

"एक घोट. एकच."

"पाणी प्यायलीस तर जाशील बाळा. मी पाहिलंय. डोळ्यांनी पाहिलंय."

"दुष्ट आहेस तू."

"आहे. आहे मी दुष्ट. तू जग आधी, मग हव्या तेवढ्या शिव्या दे मला."

आणि मग, मित्रांनो, त्यांनी दोरी आणून माझा दांडा बांधून टाकला. आपलाच हात आपलं ऐकणार नाही, याची त्यांना भीती होती. माझ्या पोटात तोटीपर्यंत पाणी होतं. पोर माझ्यासमोर तडफडत होती. मी काय करणार? दुसऱ्याचा हात लागल्याशिवाय मला थेंबही सांडता येत नाही. इतका लाचार मी त्याआधी कधी झालो नव्हतो.

ती मागत राहिली. मग मागायची थांबली. "झोप लागली वाटतं," आई पुटपुटली आणि तिच्या अंगावरच्या माश्या वारत बसली. सकाळी कळलं की ती झोप नव्हती.

मरणाऱ्याचे ओठ पाण्यानं ओले करायची आमच्याकडे रीत आहे. मित्सुयोला तेवढंही मिळालं नाही.

पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरांनी तोमिएबाईंना समजावलं, "तुमची मुलगी काय, ती बाई काय, पाणी दिलं असतं तरी गेल्या असत्या, नसतं दिलं तरी गेल्या असत्या. त्यांना बॉम्बनं मारलं. तुम्ही स्वतःला बोल लावू नका."

बाई म्हणाल्या, "जायचीच होती, तर मी तिला तहानलेली का पाठवली?"

आळीत नळ आले. माझा दांडा गंजला, बच्चेकंपनी मला दगड मारून आवाज ऐकू लागली. मला काढायला माणसं आली तेव्हा तोमिएबाई मला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आधी मला उपटा," म्हणाल्या. रोज पहाटे त्या माझं पहिलं पाणी मित्सुयोच्या पेल्यात भरून देव्हाऱ्यात ठेवत आणि म्हणत, "घे, पी. पोटभर पी." मग आजोबांना दुसरं.

खूप म्हाताऱ्या झाल्यावर एका उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. त्यांची भाची हारुए सेवेला होती. शेवट जवळ आला तशी तिनं मला हापसलं आणि कापसाचा बोळा भिजवून मावशीच्या ओठांशी नेला. तोमिएबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग कसंबसं पुटपुटल्या, "आधी तिला."

हारुए पेला घेऊन अंगणात धावली. वायसर पार झिजल्यामुळे मी तेवढ्यात पुन्हा उतरलो होतो. तिनं वरून पाणी ओतलं, दांडा मारला, पेला भरला, देव्हाऱ्यात ठेवला. परत येईपर्यंत मावशी गेली होती. ओठ कोरडेच होते.

मित्रांनो, तो बॉम्ब टाकणाऱ्यांनी तोमिएबाईंना पाहिलंही नव्हतं. तसे बॉम्ब अजून जगात रचून ठेवलेत, त्याहून मोठे. मी ते अडवू शकत नाही. मला तर माझा दांडासुद्धा हलवता येत नाही. पण तुम्हाला हात आहेत, तोंड आहे. मोठे झालात की त्यांचा उपयोग करा. आणि कधी इकडे आलात, तर मला हापसा. दोन पेले भरा. पहिला मित्सुयोचा आहे, आणि दुसरा आता तिच्या आईचा.