पहिल्या वर्षाची चौकट

गुढियारी वस्तीतल्या आमच्या साक्षरता वर्गाला तीस वर्षं होत आली, म्हणून रविवारी हॉलात कार्यक्रम ठरला आणि त्यासाठी ईरानं लॅपटॉपवर वर्गाची टाइमलाइन केली, दर वर्षाला फोटोची एक चौकट. ईरा एका ऑफिसात नोकरीला आहे आणि रविवारी वर्गात शिकवते. फोटो जमवायचं काम माझ्याकडे होतं, कारण घरं मला माहीत.

पहिल्या वर्षाचा, १९९६चा, एकच फोटो निघाला. तो गोदावरीबाईंकडे होता. अकराजणी पाट्या घेऊन बसलेल्या, मध्ये गोदावरीबाई, डावा डोळा सुजलेला. वर्गाला गेली म्हणून नवऱ्यानं मारलं होतं. जुन्या मंडळींना ते ठाऊक आहे. नवरा वारून बरीच वर्षं झाली. नातू यशदीप त्याच्या तसबिरीला हात जोडून रोज, रविवारीसुद्धा, भनपुरीला ड्यूटीवर जातो.

"हॉलात दाखवा, भाऊ," त्या म्हणाल्या, "पण यशदीपच्या मोबाईलवर नाही आला पायजे. त्याले त्याचा आजा देवमाणूस वाटते. वाटू द्या. काम झालं का पुसून टाका."

मी हो म्हटलं. म्हणून तो मोबाईलवर घेतलाच नाही. ईरानं लॅपटॉपला स्कॅन केला आणि मूळ फोटो मी परत नेऊन दिला.

शनिवारी दुपारी टाइमलाइन पुरी झाली. मी मालधक्क्यावर तीस वर्षं हमाली केली. माल वॅगनमध्ये चढला की धक्का झाडून मोकळा करायचा, ही तिथली रीत. फोटो चौकटीत बसलेला दिसत होता, म्हणून ईरा चहा करायला गेली तेव्हा मी फोटोंचं बाहेरचं फोल्डर पुसलं. पुसलेलं जिथे साठतं ती लॅपटॉपमधली टोपलीही रिकामी केली.

रविवारी नऊ वाजता हॉलात लॅपटॉप उघडला, तर सगळ्या चौकटी कोऱ्या.

"काका, फोल्डर किधर गया?"

"पुसलं."

ईरानं कपाळावर हात मारला. "काका, टाइमलाइनमध्ये फोटो नव्हतेच. फोटो कुठे ठेवलाय त्याचा फक्त पत्ता होता. त्याला लिंक म्हणतात."

"मग आतच काहून नाही ठेवले?"

"तसंही होतं, एम्बेड करता येतं. पण मग फाइल जिथे जाईल तिथे फोटो जाईल. आणि ही फाइल उद्या वर्गाच्या ग्रुपवर टाकायची आहे. बाकीचे फोटो मी तेव्हा आत ठेवणार होते."

ग्रुपवर यशदीप होता. बाकीचे फोटो ईराच्या मोबाईलवर होते, ते तिनं लगेच आतच ठेवले. मी गोदावरीबाईंकडे गेलो. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं.

"हमालाच्या हाती कम्प्यूटर दिला कोनं?" त्या हसल्या. मग सूप बाजूला ठेवलं. "आत ठेवला तर पोट्ट्याले दिसन?"

"दिसेल."

"अन् पत्ता ठेवला तर?"

"आज ईराच्या लॅपटॉपवर दिसेल. उद्या सगळ्यांकडे चौकट कोरी."

"माझं नाव?"

"ते चौकटीखाली लिहिलंय. ते राहील."

त्या उठल्या आणि पेटीतून फोटो काढून आणला.

ईरानं तो पुन्हा स्कॅन करून लिंकनंच जोडला आणि अकरा वाजता तो पडद्यावर आला. मागून त्यांच्याच तुकडीतली सरोजिनी ओरडली, "गोदावरी, पाटी उलटी धरली होती वं तू!" सगळे हसले, गोदावरीबाईही. कार्यक्रम संपल्यावर त्या ईराच्या शेजारी बसून राहिल्या. त्यांच्यासमोर ईरानं फोटो पुसला.

सोमवारी संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर होतो. यशदीप ड्यूटीवरून आला, मोबाईल पुढे धरून.

"आजी, सबका फोटो आया, आपका डब्बा खाली है."

"खाली राहू दे. खाली काय लिहून हाय ते वाच."

त्यानं वाचलं, "गोदावरी डोंगरे, पहिली तुकडी." मग तसबिरीकडे पाहून म्हणाला, "दादाजी ने भेजा होगा ना आपको पढ़ने?"

गोदावरीबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "मी माझीच गेली."